खेळण्यांचा सिनेमा आणि आपली मुले



शेतीखात्यातल्या माणसाने सिनेमावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण गावोगाव फिरताना एक दृश्य आता घरोघरी दिसते. ओसरीवर मूल बसलेले असते, हातात आईबापाचा मोबाइल असतो आणि त्यात कुठल्याशा परदेशी खेळण्याची गोष्ट चालू असते. मूल भूकतहान विसरून पाहत राहते. आई म्हणते, ‘तेवढा वेळ गप्प तरी बसतो.’ आजोबा म्हणतात, ‘डोळे जातील पोराचे.’ दोघांचेही खरे आहे. पण ते मूल नेमके काय पाहते, ते कसे तयार होते आणि त्यातले आपल्या घराच्या उपयोगाचे किती, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते. तेच आज सांगायचे आहे.

लहान मुलाच्या हातात मातीचा बैल द्या. तुम्हाआम्हाला तो ओट्यावर उभा दिसतो. मुलाला तो चालताना दिसतो, शिंगे उगारताना दिसतो, कधी रुसलेलाही दिसतो. निर्जीव वस्तूत जीव पाहण्याची ही शक्ती प्रत्येक मुलाजवळ जन्मतःच असते. खेळण्यांवरचे कार्टून सिनेमे उभे राहतात ते याच शक्तीवर. फरक एवढाच की मुलाला जे मनात दिसते, ते सिनेमावाला पडद्यावर सर्वांना दाखवतो.

ठोकळ्यांची गोष्ट

अशा सिनेमांतला एक फार गाजलेला सिनेमा म्हणजे 2014 साली आलेला ‘द लेगो मूव्ही’. लेगो म्हणजे एकमेकांत घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे. त्यांचा जन्म डेन्मार्क देशातल्या बिलुंड नावाच्या लहानशा गावी झाला. ओले किर्क ख्रिश्चन्सन हा तिथला सुतार. मंदीमुळे घरबांधणीची कामे आटली, तेव्हा 1932 साली तो लाकडी खेळणी करू लागला. डॅनिश भाषेत ‘छान खेळ’ या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याने ‘लेगो’ हे नाव घेतले. आज दिसतो तसा ठोकळा 1958 साली ठरला. आठ बुंध्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते एक्याण्णव कोटींहून अधिक निरनिराळ्या प्रकारे जोडता येतात, असे गणित्यांनी मोजले आहे. खेळण्याची सारी किंमत त्या जोडण्यात आणि मोडण्यातच आहे.

सिनेमातली गोष्ट ऐका. एमेट नावाचा एक साधा बांधकाम मजूर असतो. तो सगळे नियमाप्रमाणे करतो, हातात दिलेल्या कागदाबाहेर पाऊल टाकत नाही. त्याच्या जगात लॉर्ड बिझनेस नावाचा एक जबरदस्त शेठ असतो. त्याला वाटते की सगळे जग आपण ठरवले तसेच राहिले पाहिजे, कोणी काही हलवता कामा नये. त्यासाठी तो सगळ्या जगाला एका भयंकर पदार्थाने जागच्या जागी चिकटवून टाकायला निघतो. तो पदार्थ म्हणजे दुसरे काही नाही, तुमच्या घरी चप्पल चिकटवायला आणता तसल्या झटपट गोंदाची नळी!

शेवटी उलगडा होतो. हे सारे एका घराच्या तळघरात चालले आहे. बापाने हौसेने ठोकळ्यांचे मोठे शहर रचले आहे, त्यावर ‘हात लावू नये’ अशा पाट्या लावल्या आहेत आणि आता तो सगळे गोंदाने पक्के करणार आहे. त्याचा मुलगा मात्र चोरून येऊन तेच ठोकळे मोडून नवे काही रचतो आहे. गोष्टीतला दुष्ट शेठ म्हणजे मुलाच्या नजरेतून दिसलेला बापच असतो. मुलाने काय काय रचले हे बाप बसून पाहतो, तेव्हा त्याचे डोळे उघडतात आणि तो गोंद बाजूला ठेवतो.

या सिनेमाने जगभरात सेहेचाळीस कोटी डॉलरांहून अधिक धंदा केला. तो संगणकावर बनवला गेला, पण तंत्रज्ञांनी मुद्दाम त्या ठोकळ्यांवर ओरखडे आणि बोटांचे ठसे ठेवले, जणू खरोखरच कोणा मुलाने हाताळलेले ठोकळे आहेत. प्रत्येक गोष्ट चकचकीत करण्यापेक्षा वापरलेली दाखवली, म्हणून ती खरी वाटली. मढवलेल्या शोभेच्या बैलगाडीपेक्षा चाकाला वंगण लागलेली गाडीच आपल्याला आपली वाटते, तसेच हे.

चित्र चालते कसे?

यात जादू नाही, हिशेब आहे. सिनेमाच्या पडद्यावर दर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे एकामागून एक झरझर येतात. इतक्या वेगाने आलेली चित्रे सुटी सुटी न दिसता डोळ्यांना सलग हालचाल दिसते. आता एखादी वस्तू किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा घ्यायचे. अशी शेकडो चित्रे सलग दाखवली की वस्तू आपली आपण चालू लागते.

तुम्हाला वाटेल ही विद्या परदेशातून काल आली. तसे नाही. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 च्या सुमारास, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, एक छोटा तुकडा तयार केला. त्याचा विषय काय असेल? वाटाणा! कुंडीत वाटाणा लावून, तो उगवून वाढत असताना कॅमेरा जागचा न हलवता त्यांनी ठरावीक अंतराने चित्रे घेतली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात घडताना दिसली. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. तो तुकडा दाखवून त्यांनी पैसेवाल्यांचा विश्वास मिळवला आणि पुढच्या सिनेमाचे भांडवल जमवले. म्हणजे भारतीय चित्रपटाचा धंदा उभा राहिला तो एका उगवत्या दाण्याच्या बळावर. आपण शेतकऱ्यांनी हे अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

फाळके तिथेच थांबले नाहीत. 1915 साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट काढला. त्यात काडेपेटीतल्या काड्या हलत आणि निरनिराळे आकार करीत. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या अॅनिमेशनांत त्याची गणना होते. तो पट आज उपलब्ध नाही. पण काडीपेटीशी कोणते मूल खेळलेले नाही? ज्या वस्तूला किंमत नाही तिचेच खेळणे आणि त्या खेळण्याचाच सिनेमा, ही वाट आपल्याच माणसाने शंभर वर्षांपूर्वी पाडून ठेवली.

पवईत काय चालते

मुंबईच्या उपनगरात, कांजूरमार्गाच्या पश्चिमेला पवई आहे. आज तिथे उंच इमारती दिसतात, पण एकोणिसाव्या शतकात ही शेतीची जागा होती. फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी गृहस्थांनी पवईची जमीन घेऊन तिथे ऊस, नीळ आणि रेशमासाठी तुतीची लागवड करून पाहिली होती. पुढे मुंबईच्या पाण्यासाठी तिथे तलाव बांधला गेला. 1958 साली स्थापन झालेली आय.आय.टी. ही इंजिनियरिंगची मोठी संस्था याच तलावाच्या काठी उभी राहिली. तिथे 1969 साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघाले. वस्तू कशी घडवावी, चित्र आणि अक्षर कसे असावे हे तिथे शिकवतात आणि अॅनिमेशनही शिकवतात.

या पवईच्या केंद्रातून बाहेर पडलेली काही कामे आपल्या घरांना फार जवळची आहेत. तिथे अनेक वर्षे शिकवणाऱ्या नीना सबनानी यांनी 2009 साली ‘टांको बोले छे’, म्हणजे ‘टाके बोलतात’, हा छोटा पट केला. कच्छमधल्या कारागिरांनी कापडाचे तुकडे जोडून केलेली चित्रेच त्यात हलतात आणि तेच कारागीर आपली हकीकत सांगतात. 1971 च्या लढाईनंतर सरहद्द ओलांडून इकडे येणे, 2001 चा भूकंप, पुन्हा संसार उभा करणे, असे सारे त्यात आहे. आपल्या घरच्या आजीची गोधडी उलगडावी आणि तिच्यातला एकेक तुकडा उठून बोलू लागावा, तसा तो पट आहे.

त्यांचा दुसरा एक पट राजस्थानातल्या ‘कावड’ या वस्तूच्या परंपरेवर आहे. खांद्यावरून पाणी वाहण्याची आपली कावड ही नव्हे. ही लाकडाची रंगवलेली पेटी असते. तिला एकात एक मिटणारी अनेक दारे असतात. चितोडगड जिल्ह्यातल्या बस्सी गावचे सुतार ती घडवतात. गोष्ट सांगणारा भाट ती घेऊन यजमानांच्या घरी येतो, एकेक दार उघडतो, त्यावरचे चित्र दाखवतो आणि कथा पुढे नेतो. शेवटच्या दाराआड देव असतो. दार उघडले की चित्र बदलते, म्हणजे एका परीने हा हाताने चालवायचा सिनेमाच झाला. आपल्या जत्रेत डबा घेऊन येणारा बायस्कोपवाला तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणा.

आणि तिसरा पट तर दुष्काळाचा आहे. ‘हम चित्र बनाते हैं’ हे त्याचे नाव. भिल्ल चित्रकार शेर सिंग यांच्यासोबत केलेल्या या पटात भिल्लांची एक जुनी कथा आहे. पाऊस पडत नाही, झाडे आणि जनावरे वाळून चालली आहेत. लोक बडव्याकडे जातात. तो सांगतो की घरांच्या भिंतींवर झाडे आणि जनावरे रंगवा. लोक रंगवतात आणि पाऊस येतो. म्हणून आम्ही चित्रे काढतो, ही आमची प्रार्थना आहे, असे भिल्ल म्हणतात. 2016 सालासाठीचा उत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या पटाला मिळाला. पाऊस कशाने पडतो हे शास्त्र मी तुम्हाला निराळ्या वेळी सांगेन. पण कोरड्या आभाळाखाली माणसे हातावर हात धरून बसली नाहीत, त्यांनी हिरवे झाड रंगवले, ही गोष्ट दुष्काळ सोसलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

गोधडी, पेटी, घराची भिंत. यांतली एकही वस्तू मोठ्या दुकानातून आलेली नाही. ज्याच्या घरात जे असते त्यातूनच त्याची गोष्ट निघते. मग विचारावेसे वाटते की विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल एखाद्या पूर्ण लांबीच्या सिनेमाचा नायक का होऊ नये? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मिळवतात. इतके मोठे नाटक ज्या खेळण्याभोवती दरवर्षी उभे राहते, त्या खेळण्याला गोष्टींचा काय तोटा? सावंतवाडीच्या चितारआळीत रंगणारी लाकडी फळे आणि खेळणी घ्या. त्यांचीही हीच योग्यता आहे. पण ही खेळणी मुलांच्या हातातून एकदा सुटली, तर पुढे त्यांच्यावर सिनेमा करणारा निपजणार कोठून? ज्याने बैल ओढला नाही त्याला बैलाची गोष्ट सुचणार नाही. खरा धोका आहे तो इथे.

जाहिरात कोणती, गोष्ट कोणती?

एक गोष्ट मात्र सावधपणे पाहिली पाहिजे. खेळण्यांवरचे बरेचसे कार्टून खेळणी खपवण्यासाठीच निघतात. ‘ही-मॅन’ तुमच्यापैकी काहींनी दूरदर्शनवर पाहिला असेल. तो बाहुला अमेरिकेत बाजारात आला 1982 साली आणि त्याची मालिका निघाली 1983 साली. म्हणजे आधी माल आणि मग गोष्ट. लेगोच्या सिनेमानेही ठोकळ्यांची मोठी प्रसिद्धी केली, हे उघड आहे. म्हणून असे सिनेमे वाईटच असतात असे मात्र नाही. बियाण्याच्या पिशवीवर सुंदर कणसाचे चित्र असते. आपण चित्रावर भुलतही नाही आणि चित्र आहे म्हणून पिशवी टाकूनही देत नाही. आपण उगवण पाहतो. इथेही तेच करावे.

उगवण पाहण्याची खूण सोपी आहे. सिनेमा संपल्यावर मूल काय करते ते पाहा. ते ‘मला हेच विकत हवे’ म्हणून पाय आपटत बसले, तर जाहिरात पोचली. ते उठून चिखल, काड्या, रिकामे डबे जमवू लागले, तर गोष्ट पोचली. जे पाहून मुलाचे हात चालू लागतात ते दाखवा आणि जे पाहून हात थांबतात ते बंद करा. शक्यतो मुलाशेजारी बसूनच पाहा आणि वेळ आधी ठरवून घ्या.

विकत घ्यायचेच असेल तर 2021 पासून देशात बहुतेक खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह असणे सक्तीचे आहे, ते पाहून घ्या. नोंदलेल्या हस्तकारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. म्हणून तो घेताना रंग बोटाला लागत नाही ना, टोके टोचत नाहीत ना, हे स्वतः तपासा. अगदी लहान मुलाच्या तोंडात जाईल असा बारीक तुकडा देऊ नका.

आणि पैसा नसेल तरी अडत नाही. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले इंजिनियर. त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे काम हाती घेतले. काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकार कसे करावेत, यावरचे त्यांचे पुस्तक 1986 साली निघाले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्मा मराठीतही आहेत आणि मोबाइलवर फुकट पाहता येतात. फाळक्यांच्या आगकाड्या शंभर वर्षांनी पुन्हा कामाला लागल्या म्हणायच्या.

घरी करून पाहा

आम्हा विस्तारवाल्यांचा एक नियम आहे. भाषणापेक्षा प्रात्यक्षिक बरे. तेव्हा पुढचे दोन प्रयोग मुलांकडून करून घ्या. मोबाइलवर एकेक चित्र जोडून चालते करणारी साधने फुकट मिळतात. गावातला कोणताही कॉलेजचा मुलगा ती पाच मिनिटांत घालून देईल.

पहिला प्रयोग चाकाच्या बैलाचा. मोबाइल दोन विटांमध्ये पक्का बसवा, तो शेवटपर्यंत हलता कामा नये. उन्हात करू नका, कारण सूर्य सरकला की सावली सरकते आणि चित्र लुकलुकते. रात्री दिव्याखाली करा. बैल अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवा, हात बाजूला घ्या, चित्र घ्या. सेकंदाला बारा चित्रे पुरतात. एकशेवीस चित्रे झाली की दहा सेकंदांचा सिनेमा होतो आणि तेवढ्यात बैल साठ सेंटिमीटर चालतो. मातीचा बैल करायचा असेल तर माती चाळून घ्या आणि मळताना थोडा कापूस घाला, म्हणजे तडे कमी जातात. पायांच्या आत तार घातली तर पाय हलवता येतात.

दुसरा प्रयोग दादासाहेबांचा. पसरट थाळीत ओले गोणपाट अंथरून त्यावर घरच्या बियाण्याचे मोजून शंभर दाणे ओळीत मांडा आणि वर मोबाइल बांधा. हा मोबाइल घरात पडून असलेला जुना असला तर बरे. जागा अशी घ्या की थेट ऊन येणार नाही. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला एक चित्र घ्या. दिवसाला तेरा चित्रे होतील, दहा दिवसांत एकशेतीस. म्हणजे सुमारे अकरा सेकंदांत शंभर दाणे तुमच्या डोळ्यांसमोर फुटतील. मुलाला सिनेमा मिळेल आणि तुम्हाला उगवणीची टक्केवारी मिळेल. सोयाबीनचे शंभरातले सत्तर दाणे नीट उगवले तर ते पेरायला योग्य, त्याखाली आले तर बियाणे बदला किंवा प्रमाण वाढवा. पेरणीआधी ही चाचणी करा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. घरातले पोर जर हौसेने ती करू लागले, तर आमचे अर्धे काम झाले.

गोंदाची नळी

शेवटी त्या सिनेमातल्या बापाकडे पुन्हा वळतो, कारण हा मुद्दा खेळण्यापुरता नाही. रचलेले मोडू नये असे बापाला वाटणे साहजिक आहे. त्यामागे त्याचे कष्ट असतात. शेतीत तर एक हंगाम चुकला की वर्ष जाते, म्हणून शेतकरी बाप जास्तच धसका घेतो. पोरगा म्हणतो, ठिबक करून पाहू, आंतरपीक घेऊन पाहू. बाप म्हणतो, ‘शहाणपणा नको, आहे ते नीट कर.’ असे दहादा झाले की पोरगा विचारणे सोडतो आणि मग एक दिवस शेतच सोडतो. माझ्या नोकरीत अशी घरे मी कितीतरी पाहिली. बापाचे शेत शाबूत राहिले, पण ते करायला मागे कोणी राहिले नाही. उलट ज्या घरांत पोराला कोपऱ्यातला एखादा गुंठा ‘हा तुझा, काय करायचे ते कर’ म्हणून दिला, तिथे पीक कधी आले, कधी गेले, पण पोरगा विचारत राहिला.

सगळे रान मुलाच्या स्वाधीन करा असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्याने खेळ खेळू नये. पण एक गुंठा, तोही नसेल तर परसातला एक वाफा, तेवढा मोकळा ठेवता येतो. लहान असेल त्याला मातीचा गोळा द्या, मोठा असेल त्याला वाफा द्या, आणि मुलगी असेल तर तिलाही द्या, तिला फक्त पाणी घालायला लावू नका. तिथे काय लावायचे ते मुलांना ठरवू द्या. आपण फक्त पाणी, बियाणे आणि मागितला तर सल्ला द्यावा. चुकले तर नुकसान वाफ्याएवढेच होईल, आणि साधले तर घरात शेती करणारे एक माणूस वाढेल.